जुन्या रेसकारचे पुनरुज्जीवन

जुन्या शर्यतीच्या मोटारीची मूळ चौकट, इंजिन आणि गिअरबॉक्स राखून ती पुन्हा शर्यतीच्या वेगाने निर्धोक धावेल अशी तयार करणे, याला रेसकारचे पुनरुज्जीवन म्हणतात. प्रदर्शनासाठी गाडी सजवणे हे वेगळे काम. तिथे रंग आणि क्रोम पाहतात. ट्रॅकवर स्टिअरिंग आर्मला गेलेली केसाएवढी चीर जीव घेऊ शकते. म्हणून इथे रंग सगळ्यांत शेवटी.

इंदूरचे मोटारप्रेम संस्थानी काळापासूनचे. दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी बांधलेली सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) असलेली ड्यूसनबर्ग एसजे ही अमेरिकी मोटार जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. आज मात्र खरा आधार आहे तो सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि पीथमपूरच्या कारखान्यांतल्या कारागिरांचा.

गाडी सोडवताना प्रत्येक शिमची (भागांमधले अंतर राखणाऱ्या पातळ चकतीची) जाडी मोजून, चिठ्ठी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवावी. सुटा भाग कितीही निकामी दिसला तरी गाडी धावेपर्यंत टाकू नये. नवा भाग बनवायला तोच नमुना लागतो.

यानंतर चिरांचा शोध. हे काम संपूर्ण प्रक्रियेचा गाभा आहे आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. घाईत भाग सँडब्लास्टिंगला पाठवला, तर वाळूच्या माऱ्याने पृष्ठभागाचा धातू चिरेवर पसरतो आणि चीर झाकली जाते. म्हणून जुना रंग रसायनाने काढावा. पोलादी भागांची चुंबकीय कणांनी तपासणी करावी. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमच्या भागांवर लाल भेदक द्रव लावून १० ते २० मिनिटे थांबावे, पुसावे आणि पांढरा डेव्हलपर (चिरेतला द्रव वर ओढणारी पूड) फवारावा. चीर लाल रेघ होऊन उमटते. स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आस), कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) आणि चाकांवरची बोल्टची भोके आधी पाहावीत. चिरलेला स्टिअरिंगचा भाग वेल्डिंग करून कधीही परत लावू नये. उच्च ताकदीच्या बोल्टांना जस्ताचा मुलामा दिला, तर चार तासांच्या आत ते सुमारे १९० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजावे लागतात. नाहीतर धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे बोल्ट काही पूर्वसूचना न देता तुटतो.

भारतीय ट्रॅकवर धावलेल्या जुन्या गाड्यांत फियाट ११०० ची जात सर्रास आढळते. तिचे इंजिन : ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), १,०८९ घन सेंमी. या बोअरला पिस्टन रिंगची फट किमान ०.२७ मिमी हवी. शर्यतीसाठी ०.३० ठेवणे बरे, कारण कमी फटीत तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि सिलिंडर ओरखडतो. ५० मिमीच्या क्रँक जर्नलला (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) बेअरिंगची मोकळीक सुमारे ०.०५ मिमी. पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर इंजिन सुरू होताच २,००० आरपीएमला २० मिनिटे चालवावे आणि जस्तयुक्त तेलच घालावे. आधुनिक पातळ तेलात जस्त कमी असते, त्यामुळे कॅम व त्याला टेकणारे टॅपेट घासले जातात.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. शिशाचे पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवाव्या लागतात. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सात-आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. वेबर कार्ब्युरेटरचा १२० चा मुख्य जेट (इंधन मोजून सोडणारे छिद्र) असेल तर १२५ चा लावून पाहावा. जुन्या रबरी नळ्या काढून व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात.

इंदूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या चाचणी-केंद्राचा ११.३ किमीचा ट्रॅक वाहनचाचणीसाठी आहे, शर्यतीचे सर्किट नव्हे. शर्यतीला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूर अशा ठिकाणी जावे लागते. चेन्नई समुद्रकाठी, तिथली हवा सुमारे पाच टक्के दाट. इंदुरात नेमके बसवलेले मिश्रण तिथे इंधनाला तोकडे पडते आणि पिस्टनला भोक पडते. म्हणून मोठे जेट सोबत न्यावेत. पूर्ण थ्रॉटलवर इग्निशन बंद करून, क्लच दाबून गाडी पिटमध्ये आणावी व प्लग पाहावा : पोर्सेलीन फटफटीत पांढरे असेल तर जेट वाढवावा.

पन्नास वर्षांहून जुन्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण रस्त्यावरचा वापर प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरताच. ट्रॅकपर्यंत गाडी ट्रेलरवर न्यावी. ब्रेकला ताजे डॉट ४ ऑइल घालावे. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतो आणि पेडल तळाला जाते. पहिल्या पाच फेऱ्या सावकाश माराव्यात, मग चाकांचे नट आणि गळती तपासावी.

घरी परतल्यावर टाकी व फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी) रिकामे करावेत. इथेनॉल पावसाळी हवेतले पाणी ओढून घेते आणि कार्ब्युरेटरच्या आत पांढरी पूड धरते.