अकरा महिन्यांच्या भाडेकरारालाही नोंदणी लागते: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

अकरा महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर करून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, हा समज महाराष्ट्रात अजूनही पक्का आहे; तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराची परवानगी देणारा), तो लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

करार मालक स्वतः किंवा त्याचा कुलमुखत्यार करू शकतो. घर संयुक्त नावावर असल्यास सर्व सहमालकांना पक्षकार करावे. दोन्ही पक्षांचे आधार व पॅन कार्ड आणि मालकीच्या पुराव्यासाठी सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या खरेदी दस्ताचा अधिकृत गोषवारा), मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल जवळ ठेवावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मजकूर भरून, शुल्क ऑनलाइन भरून, आधारशी जुळणारे अंगठ्याचे ठसे देता येतात; त्यानंतर दुय्यम निबंधक दस्त तपासून नोंदवतात. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊनही नोंदणी होते.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परताव्याच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. दरमहा १५,००० रुपये भाडे, दोन लाख अनामत आणि २४ महिन्यांची मुदत असेल, तर ३,६०,००० रुपये भाडे व ४०,००० रुपये व्याज मिळून चार लाखांवर १,००० रुपये शुल्क येते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आहे. हा खर्च कोणी करायचा, हे करारातच लिहावे. पुढची कुरबुर बहुधा इथूनच सुरू होते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही ताबा मिळाला नाही, तर मालक याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत करारात ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. भाडेकरूलाही कलम ३१ नुसार भरलेल्या भाड्याची लेखी पावती मिळण्याचा हक्क आहे, आणि थकबाकीचे किंवा घर रिकामे करून घेण्याचे कारण पुढे करून मालकाला पाणी वा वीज तोडता येत नाही. कलम २९ ते मना करते.