४२९४९६७२९७ : फर्माचा अंदाज मोडणारी संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही संख्या मिळते. चार अब्जांच्या पुढची ही संख्या सुमारे ९० वर्षे मूळ संख्या मानली जात होती, आणि ते मानणारा गणिती साधासुधा नव्हता.

पिएर द फर्माने १६४० मध्ये पत्रांतून एक अंदाज मांडला. २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यायचा आणि दर वेळी उत्तरात १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या येतात आणि पाचही मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असे फर्माला वाटत होते. आपल्याकडे सिद्धता नाही, हेही त्याने लिहिले होते. ६५५३७ तपासायला २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. पुढच्या संख्येसाठी, म्हणजे ४२९४९६७२९७ साठी, मात्र अशा ६५४२ मूळ संख्या आहेत. हाताने आकडेमोड करायच्या काळात एवढे भागाकार कोण करणार?

१७२९ मध्ये गणिती गोल्डबाखने पत्रातून दुसरा गणिती ऑयलर याला या अंदाजाविषयी विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. पुढे त्याने सिद्धही केले की या संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. या चाळणीतून आधी १९३, २५७, ४४९, ५७७ सुटतात आणि पाचवी येते ६४१! हजारो भागाकारांचे काम पाचांवर आणणारी ही चाळणी मला खुद्द ६४१ पेक्षाही मोलाची वाटते.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न करताही दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. या बेरजेला २ च्या २८व्या घाताने गुणा. येणाऱ्या संख्येला अर्थातच ६४१ ने भाग जातो. दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला तर त्या संख्येलाही ६४१ ने भाग जातो, कारण ६४० अधिक १ हा तिचा एक अवयव आहे. आता पहिलीतून दुसरी वजा करा. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात, त्यामुळे मोठी पदे उडतात आणि उरते नेमकी ४२९४९६७२९७. ही सिद्धता कितीही वेळा वाचली तरी माझे मन भरत नाही.

अंदाज मोडला, तरी या संख्यांचे महत्त्व गेले नाही. १७९६ मध्ये गणिती गाऊसने पट्टी आणि कंपास यांनी १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले, आणि १७ ही फर्माच्याच यादीतली. पहिल्या पाचांनंतर या यादीत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. घात २ च्या ३२व्या घातापर्यंत वाढवला तरी मधल्या सगळ्या संख्या विभाज्य ठरल्या आहेत. त्यापुढच्या, अडीच अब्जांहून अधिक अंकी संख्येचा निकाल अजून लागायचा आहे.