रात्रीच्या एअरसॉफ्ट खेळाला येण्याआधी

आमच्या मावळातल्या मैदानावर दिवसा एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या गननी खेळायची लुटुपुटीची लढाई, खेळून गेलेले लोक रात्रीच्या खेळासाठी फोन करतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "गन कोणती देणार?" रात्री गनचा नंबर शेवटचा. आधी डोळे, मग कान.

उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मग मोबाइलवर आलेला एक मेसेज वाचला तरी ती कमाई बरीचशी गेलीच. म्हणून खेळाच्या अर्धा तास आधी आम्ही शेडमधले दिवे मालवून फक्त एक मंद लाल दिवा ठेवतो आणि मोबाइल जमा करून घेतो. अंधारात पाहणाऱ्या पेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही, हे त्यामागचं कारण. याच पेशी नजरेच्या अगदी मध्यभागी नसतात. त्यामुळे झुडपाआड कुणी आहे असं वाटलं तर थेट तिथे रोखून पाहू नका, नजर थोडी बाजूला ठेवा. अंधुक तारा जसा डोळ्याच्या कडेने दिसतो, तसा माणूस दिसेल. आणि उभ्याने शोधू नका, खाली बसा. बसल्यावर समोरच्याची आकृती आभाळावर उमटते. हाच न्याय तुम्हालाही लागू आहे, तेव्हा बांधावरून चालायचं टाळा.

कपडे काळेच हवेत हा गैरसमज. चांदण्यात काळा रंग गवतापेक्षाही गडद दिसतो. मळखाऊ हिरवा किंवा तपकिरी उत्तम. खिशातल्या किल्ल्या, सुटे पैसे गाडीतच ठेवा. रात्रीच्या शांततेत वेल्क्रो उघडल्याचा आवाजही लांबवर जातो, आणि वाळलेला पाला तर विचारूच नका. सावकाश चला, पाऊल अलगद टेकवून खाली काय आहे ते कळल्यावरच भार द्या.

टॉर्च ही सगळ्यात मोठी चूक ठरू शकते. लावायचीच तर क्षणभर लावा, विझवा आणि लगेच दोन-तीन पावलं बाजूला सरका, कारण विझल्यावरही सगळ्यांचं लक्ष त्याच जागेवर असतं. ट्रेसरचंही तसंच. नळीच्या टोकाला बसवलेल्या यंत्रातला झगझगाट खास छर्ऱ्यांना क्षणात चमकवतो आणि हिरवी रेघ उडताना दिसते. नेम कुठे जातोय ते कळतं, पण रेघ कुठून निघाली तेही समोरच्याला कळतं. जोडीने खेळा, एक गोळीबार करील तेव्हा दुसऱ्याने गप्प राहून कडेने पुढे सरकावं. जोडीदाराशी बोलण्यापेक्षा खांद्यावरची थाप बरी.

तारीख ठरवताना चंद्र पाहा. वद्य अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे एकाच खेळात अर्धा अंधार आणि अर्धं चांदणं मिळतं. आम्हाला स्वतःला हीच रात्र सगळ्यात आवडते.

आता ज्या गोष्टींवर आम्ही तडजोड करत नाही त्या. पारदर्शक काचेचा गॉगल आणि तोंडावरचा मास्क मैदानात कधीही काढायचा नाही. काचेवर वाफ धरली तर ओरडून खेळ थांबवा, कुणी हसणार नाही. ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आत ठेवलेला असतो, तरी समोरचा ५ मीटरच्या आत असेल तर गोळी न झाडता त्याला "बाद" म्हणायचं. लागलेल्याने स्वतःहून "बाद" ओरडून लाल लुकलुकता दिवा लावायचा, कारण अंधारात वर केलेला हात दिसत नाही. लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याचा त्रास असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. गन खऱ्यासारख्या दिसतात, म्हणून त्या मैदानाबाहेर न्यायच्या नाहीत.

घोट्यावरचे बूट सक्तीचे आहेत. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा मुंगी चावल्याइतकाही दुखत नाही. काही चावल्याची नुसती शंका आली तरी सांगा. चिरा देणं, चोखणं, आवळपट्टी बांधणं यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव न हलवता थेट रुग्णालयात जायचं. गेटवर गाडी रात्रभर चालकासह उभी असते. ती आणि १०८ यांपैकी जे लवकर मिळेल ते.