पेठ (बाजारपेठ)

गावातल्या किंवा शहरातल्या व्यापारी वस्तीला पेठ म्हणतात. आजकाल तालुक्याच्या गावी ‘पेठेत जाऊन येतो’ म्हटलं की मेनरोडवरच्या दुकानांची ती एक गल्लीच डोळ्यापुढं येते, पण जुन्या कागदपत्रांत पेठ म्हणजे दुकानांसकट घरं, कारागीर आणि कर असलेलं एक वेगळं युनिटच असायचं.

शब्द कुठून आला यावर मतभेद आहेत. हिंदीत बाजाराला ‘पैंठ’ म्हणतात, तो शब्द काहीजण संस्कृत ‘पण्यस्थान’वरून काढतात आणि मराठी पेठही त्याच रांगेत बसवतात. दुसरं मत असं की हा द्राविडी शब्द आहे, कन्नड ‘पेटे’, तेलुगू ‘पेट’, तमिळ ‘पेट्टै’, आणि बंगळुरूचं चिकपेट, हैदराबादचं बेगमपेट, चेन्नईचं सैदापेट बघितलं तर गावांच्या नावात हा शब्द दक्षिणेत किती घट्ट बसलाय ते कळतं. आपल्याकडं पेठवडगाव, नाशिक जिल्ह्यातलं पेठ ही नावं आहेतच. दुसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं, मात्र हिंदी पैंठचा खुलासा त्यातून नीट होत नाही.

कसबा, म्हणजे गावाची मूळ जुनी वस्ती, बहुधा आधीचा आणि पेठ नंतर मुद्दाम वसवलेली. पेठ वसवताना सरकार कौल द्यायचं, म्हणजे या, दुकानं घाला, काही वर्षं करात सूट. पुण्यात वारांची नावं नंतर आली, रविवार पेठ आधी मलकापूर होती आणि बुधवार पेठ मोहियाबाद. कारभार शेटे आणि महाजन या वतनदारांकडं, शेटे व्यापाऱ्यांचा मुख्य तर महाजनाकडं लिखापढी, पण कामांची वाटणी सगळीकडं एकसारखी नसावी. दोन्ही आडनावं आजही आहेत.

दुकानदार वाणी, लिंगायत, जैन, गुजराती, मारवाडी, बोहरी, कोमटी, कासार, सोनार असे बरेच. दुकान पुढं आणि घर मागं. शटर यायच्या आधी दाराला सुट्या फळ्या असायच्या, त्यावर नंबर घातलेले, कारण खाचेत त्या ठरल्या क्रमानंच बसायच्या, चौथी फळी तिसरीच्या जागी घातली तर शेवटची आत जायचीच नाही! आत गादी, तक्क्या, गल्ला, तागडी.

या सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. रोजचा व्यवहार रोजमेळात, तिथून माणसागणिक खतावणीत, आणि शेतकऱ्याची उधारी सुगीला माल आला की फिटायची किंवा पुढच्या पानावर ओढली जायची. यात आधार होता तसा फासही होता हे सांगितलंच पाहिजे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथं आठवडी बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकार-दुकानदारांची दुकानं लुटली, पण त्यांना खरे हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या, त्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच, पुढं १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला तो यातूनच. लक्ष्मीपूजनाला मात्र आजही कितीतरी दुकानांत नव्या वहीवर कुंकवानं ‘श्री’ काढतात, हिशेबाचं वर्ष एप्रिलपासून धरत असले तरी.

स्वातंत्र्यानंतर बदल भराभर झाले. १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून मेट्रिक वजनं आली आणि शेर-पायली हळूहळू गेली. राज्याचा १९६३ चा बाजार समिती कायदा झाल्यावर भुसार-आडतीचा, म्हणजे धान्याचा दलालीवरचा, मोठा व्यवहार गावाबाहेरच्या मार्केट यार्डात सरकला, पेठेत उरली किरकोळ विक्री. नंतर मॉल, ऑनलाइन, २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी. भांड्यांची दुकानं मोबाईलची झाली. किराणावाल्याच्या काउंटरवर आता क्यूआर कोडचा स्टँड असतो आणि पैसे आल्याचं स्पीकरच बोलून सांगतो, पण शेजारच्या खणात उधारीची लांबट वही अजून असते, रबरबँड लावलेली, आणि महिन्याचा पगार झाला की गिऱ्हाईक त्यातलं आपलं पान काढायला लावतं.