कान सरावत नाहीत, पेशी मरतात

विट्यातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नव्याने आलेल्या कामगाराला हमखास सांगतात, 'थोड्या दिवसांत कान सरावतील.' पाळी संपल्यावर कानात गुंई वाजतं, घरच्यांचं बोलणं दबकं ऐकू येतं, सकाळी पुन्हा ठीक. हा तात्पुरता बहिरेपणा. तो वर्षानुवर्षं रोज होत राहिला की कायमचा होतो, आणि मग मागांचा खडखडाटही कमी वाटू लागतो. त्यालाच आपण सराव म्हणतो.

कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायोश' संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त १ तास.

पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची. तेवढ्या लांबीत ३,००० हर्ट्झच्या जवळपासचे आवाज घुमून मोठे होतात आणि इजा त्याहून थोड्या वरच्या पट्टीत होते. बोलणं बहुतेक कळत असतं, फक्त 'साठ'चा 'आठ' ऐकू येतो.

हा घाव वेळीच ओळखायला आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी, म्हणजे केसांसारखी बारीक टोकं असलेल्या पेशी, कामाला येतात. एका कानात त्या सुमारे १२,०००. विद्युतदाब बदलला की त्या आवाजाच्या तालावर आखडतात आणि लांबतात, त्यामुळे बारीक आवाज कित्येक पट वाढतो. या हालचालीचा काही अंश उलटा, पडद्यातून बाहेर येतो. म्हणजे कान स्वतः आवाज करतो! डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये तो मोजून दाखवला. हाच आवाज पकडणाऱ्या चाचणीत रबरी टोकाचा प्रोब (छोटा स्पीकर आणि मायक्रोफोन असलेली नळी) कानात बसवतात आणि दोन सूर सोडतात : ३,२८० हर्ट्झ (६५ डेसिबल) आणि ४,००० हर्ट्झ (५५ डेसिबल). पेशींचा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसल्यामुळे तिसराच सूर तयार होतो. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, म्हणजे २,५६० हर्ट्झ. यंत्राने तो सोडलेलाच नसतो. खोलीतल्या गोंगाटापेक्षा तो निदान ६ डेसिबल वर असला तर ४,०००च्या भागातल्या पेशी काम करताहेत असं धरतात. या पेशी थकू लागल्या की हा सूर बऱ्याचदा ऑडिओग्राम (प्रत्येक पट्टीत ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज किती डेसिबलचा, याचा आलेख) बिघडण्याआधीच क्षीण होतो.

मळ साचलेला असेल, पडद्यामागे पाणी असेल किंवा प्रोब सैल बसला असेल, तर निरोगी कानही नापास होतो. शिवाय मज्जातंतूंची इजा या चाचणीत दिसत नाही. म्हणून ऑडिओग्रामला सुट्टी नाही. त्यातही ३,००० आणि ६,००० हर्ट्झ मोजायला सांगावं. घाईच्या शिबिरांत नेमके तेच गाळतात. फोनवरच्या 'श्रवण चाचणी' ॲपवर तर मुळीच विसंबू नये, हेडफोन बदलला की आकडे बदलतात. आणि कानात कोमट तेल घालून मेलेल्या केसपेशी उगवत नाहीत.

ऑडिओग्रामची पहिली तपासणी कामावर रुजू होतानाच, निदान १४ तास शांततेत घालवल्यावर करावी. पाळी सुटताच केली तर तात्पुरता बहिरेपणाही नोंदला जातो, पहिला आलेख मुळातच वाईट दिसतो आणि पुढची खरी घट त्यात झाकली जाते. त्यानंतर दरवर्षी. २५ डेसिबलपर्यंत 'नॉर्मल' असा शेरा मिळतो, पण गेल्या वर्षी ४,०००ला १० असलेला आकडा यंदा २५ झाला तर १५ डेसिबल गेलेच. तपासणी पुन्हा करून घट पक्की करावी, मग इअरप्लग नीट बसतो का ते पाहावं. कामगार शेड बदलत राहतात, त्यामुळे पहिल्या आलेखाची प्रत मालकाच्या कपाटात न ठेवता कामगाराकडे द्यावी.