‘पुट ऑफ’ लिहिताय? आधी हे वाचून घ्या

आमच्याकडं इंग्रजी ईमेल, पत्रं लिहून घेणाऱ्या सगळ्या ग्राहकांसाठी. तुम्ही व्हॉट्सॲपवर जो मजकूर टाकता त्यात ‘पुट ऑफ’ फार घोळ घालतं, म्हणून हे पत्रक फक्त त्याच्यावर.

सरळ अर्थ म्हणजे पुढं ढकलणं. ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल फ्रायडे’ म्हणजे मीटिंग होणार आहे, पण शुक्रवारी. रद्दच झाली असेल तर ‘कॉल्ड ऑफ’. दोन्हीकडं ऑफ आहे म्हणून लोक बिनधास्त एकाच्या जागी दुसरं ठोकतात आणि मग समोरची पार्टी माल गोडाऊनला तसाच ठेवून वाट बघत बसते, कारण त्यांना वाटतं ऑर्डर नुसती लांबलीय, आणि इकडं तुम्ही तर ती कधीच सोडून दिलेली असते. भाडं कोण भरणार यावरून वाजतं ते वेगळंच.

माणसाला ‘पुट ऑफ’ केलं की अर्थ बदलतो. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे आज या, उद्या या करत टोलवतोय. उधारी वसुलीच्या ईमेलमध्ये हे टाकायचा मोह होतो, पण जरा झोंबतं, संबंध टिकवायचे असतील तर नकोच.

तिसरा अर्थ मन उडण्याचा. ‘द प्राइस पुट देम ऑफ’ म्हणजे भाव ऐकूनच गिऱ्हाईक मागं फिरलं, इथं तारखेचा काही संबंध नाही. वासानं जेवण नकोसं झालं तरी हेच. ‘ऑफ-पुटिंग’ त्यातूनच आलं.

आणि हो, ‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडं सर्रास बोलतात. चूक नाही, पण मशीनच्या सूचनापत्रात आम्ही ‘स्विच ऑफ’च लिहितो, उगाच वाद नको.

व्याकरण थोडंसंच. ‘इट’, ‘देम’ असेल तर ते मधे बसतं, ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. पुढं क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं, ‘पुट ऑफ पेइंग’, ‘पुट ऑफ टू पे’ नव्हे. भूतकाळातही पुटच, ‘पुटेड’ म्हणू नका प्लीज.

उलट तारीख अलीकडं घ्यायची असेल तर आपण ‘प्रीपोन’ म्हणतो. शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, पण तो मुख्यतः भारतीय इंग्रजीतला, त्यामुळं दुबईतला आपला माणूस लगेच समजेल, जर्मनीतला खरेदीदार बुचकळ्यात पडेल. परदेशी पत्रात आम्ही ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरतो, तारखेसकट.

तर मजकूर पाठवताना सरळ मराठीत लिहा, ‘पुढं ढकललंय’ का ‘रद्द केलंय’, आणि नवी तारीख टाका, इंग्रजीचं आम्ही बघतो. तारीख अजून ठरली नसेल तर तेही लिहा, म्हणजे आम्ही ‘अंटिल फर्दर नोटिस’ टाकू. नुसतं ‘सर पुट ऑफ करा’ असा मेसेज आला तर आम्ही आधी फोन करणार, तो तेवढा उचला.