जुन्या घराचं रिवायरिंग

घरातल्या जुन्या वायरी, बोर्ड, सॉकेट आणि फ्यूज काढून त्या जागी नवीन घालण्याच्या कामाला बोलीत रिवायरिंग म्हणतात. मराठीत ‘तारजोडणी’ हा शब्द आहे पण तो परीक्षेच्या पुस्तकातच भेटतो, कामावरचा वायरमन तो वापरत नाही. ‘जुनं घर’ म्हणजे किती जुनं ह्याची ठरलेली व्याख्या नाही, आपल्याकडे ढोबळमानाने १९८० च्या आधी वायर ओढलेलं आणि नंतर फक्त वरवर डागडुजी झालेलं घर धरायला हरकत नाही. मुंबईतल्या चाळी, पुण्यातले वाडे, तालुक्याच्या गावातली सरकारी क्वार्टर्स ही नेहमीची उदाहरणं. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीचं वाडीबंदरचं वीजकेंद्र १९०५ चं, त्यामुळे दक्षिण मुंबईच्या काही इमारतींत तीन-चार पिढ्यांचं वायरिंग एकाच भिंतीवर एकावर एक सापडतं.

वायरिंगचे प्रकार

सगळ्यात आधी चिनीमातीच्या क्लीटमधून (पकडीतून) उघडी नेलेली वायर, मग लाकडी केसिंग-कॅपिंग (खाचेची पट्टी आणि वर झाकणपट्टी), मग सागवानी पट्टीवर टिनच्या क्लिपा मारून नेलेलं बॅटन वायरिंग, आणि शेवटी भिंतीच्या आतलं कन्सील्ड, असा क्रम साधारण सांगतात. प्रत्यक्षात हे प्रकार बरीच वर्षं शेजारी शेजारी चालले, त्यामुळे नुसती पट्टी बघून घराचं वय सांगणं धोक्याचं. वायरीच्या आवरणावरून अंदाज जरा बरा येतो. सुती वेणीचं आवरण आणि आत रबर असेल तर ते बहुधा पीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिक आवरणाच्या, आधीचं. हे रबर पन्नास-साठ वर्षांनी इतकं वाळतं की बोर्ड नुसता पुढे ओढला तरी आवरणाचे तुकडे पापडासारखे गळून पडतात आणि मागे उघडी तांब्याची तार राहते. त्यामुळे ‘एकच सॉकेट बदलायचंय’ म्हणून सुरू केलेलं काम अख्ख्या खोलीवर जातं, ह्यात दरवेळी वायरमनची लबाडीच असते असं नाही.

मापं अजून जुन्या पद्धतीनेच बोलली जातात, एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस. पहिला आकडा तारा किती त्याचा, दुसरा तारेचा गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक. तीन-बावीस म्हणजे सुमारे १.२ चौरस मिमी, सात-वीस म्हणजे सुमारे ४.६. आता दुकानात दीड, अडीच, चार असं चौरस मिमीत मिळतं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर घेतो. ज्या तीन-बावीसवर आजोबांच्या काळात एक बल्ब आणि रेडिओ चालायचा तिच्यावरच आज गिझर लावला तर गिझर चालतो, पण वायर पट्टीच्या आत शिजत राहते.

ॲल्युमिनियमचा प्रश्न वेगळा. तांब्याच्या टंचाईमुळे साधारण १९६०-७० च्या दशकांत ॲल्युमिनियमच्या वायरी घराघरात गेल्या. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, पण खरी अडचण ती नाही. स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, त्यावर ऑक्साइडचा थर येतो, सांधा सैल होतो आणि गरम व्हायला लागतो. नवीन तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमला नुसती पिळून टेप मारली, तर दमट हवेत तो सांधा आणखी लवकर खराब होतो. बोर्डाच्या प्लास्टिकवर पिवळा-तपकिरी डाग किंवा माशासारखा वास आला तर समजायचं की मागे असंच काहीतरी चाललंय.

तीन भोकांच्या सॉकेटचं मूळ

आपल्याकडचं गोल पिनांचं सॉकेट मूळचं ब्रिटिश, बीएस ५४६ ह्या मानकातलं (१९३४), भारतीय मानक आयएस १२९३ त्याच्याच वळणाचं आहे. बोलीत ‘पाच अँपिअर’ आणि ‘पंधरा अँपिअर’, छापील रेटिंग आता ६ आणि १६. खुद्द ब्रिटनने १९४७ पासून बीएस १३६३ ची चपटी पिन धरली आणि गोल पिन मागे टाकली, ती आपण आणि दक्षिण आफ्रिकेने वगैरे ठेवली.

अर्थची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी, तिसरी पिन नक्की कोणाची ह्यावर मात्र एकमत नाही. फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरात बहुतेक वेळा फिलिप लाब्रे ह्या अमेरिकन माणसाचं नाव येतं, घरमालकिणीच्या मांजरीने पंखा पाडला, बाईंना शॉक बसला आणि म्हणून त्याने तिसरी पिन शोधली अशी गोष्ट त्याला जोडलेली असते. पेटंट १९२८ चं आहे हे खरं, मांजरीची गोष्ट मात्र रचलेली वाटते. त्याच्याही आधी १९१५ मध्ये हबेल कंपनीसाठी जॉर्ज नॅप ह्यांनी अमेरिकेत अर्थवाल्या प्लगच्या पेटंटचा अर्ज केला होता. जर्मनीकडचे लोक आल्बर्ट ब्यूटनर आणि शुको प्लगचं नाव घेतात. आपल्या दृष्टीने ह्या तिन्ही दाव्यांना तसं महत्त्व नाही, कारण लंडनच्या ए. पी. लुंडबर्ग अँड सन्सचा ‘ट्रायपिन’ प्लग १९११ च्या सुमारास बाजारात होता आणि त्याची पिनांची ठेवण जवळपास आपल्या आजच्या पाच अँपिअरसारखीच आहे. आपल्या भिंतीवरच्या सॉकेटचा पूर्वज शोधायचा तर तो ह्याच घराण्यात, हे जास्त पटतं.

ठेवण बघण्यासारखी आहे. पाच अँपिअरच्या फेज-न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी) पिना ५.१ मिमी जाडीच्या आणि अर्थची पिन ७.१ मिमी, शिवाय लांब. लांब अशासाठी की प्लग आत जाताना आधी अर्थ लागावी आणि काढताना शेवटी सुटावी, जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. पंधरा अँपिअरच्या फेज-न्यूट्रल पिना साधारण पाचच्या अर्थइतक्या जाड आणि तिची अर्थ ८.७ मिमी. आता सर्रास मिळणाऱ्या पाच भोकांच्या एकत्र सॉकेटमध्ये अर्थचं भोक दोघांना एकच असतं, त्यामुळे हलक्या मालात छोट्या प्लगची अर्थ पिन सैल बसते, मिक्सर चालू असतो आणि अर्थ लागलेलीच नसते. दुसरं म्हणजे आपल्या प्लगमध्ये ब्रिटिश चपट्या प्लगसारखा फ्यूज नसतो, म्हणजे १६ अँपिअरच्या पॉइंटला टेबल लॅम्पची बारीक दोरी लावली तर तिच्या रक्षणाला फक्त १६ चा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच), आणि तो दोरी वितळेपर्यंत स्वस्थ बसू शकतो. शटरवाल्या सॉकेटमध्ये टू-पिन घालायला वरच्या भोकात पेनची रिफिल खुपसण्याची युक्ती घरोघरी ठाऊक आहे, तिच्यावर वेगळं लिहायला नको.

अर्थिंग

जुन्या घरात सगळ्यात फसवी गोष्ट हीच. नवीन मॉड्युलर प्लेट बसवली की तीन भोकं दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो, पण बॅटन वायरिंगमध्ये कित्येकदा दोनच वायरी आलेल्या असतात, तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. ह्यावर दोन शॉर्टकट प्रचलित आहेत आणि दोन्ही वाईट. पहिला म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडणे. टेस्ट लॅम्प झकास पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिजच्या आख्ख्या बॉडीवर फेज येतो. दुसरा शॉर्टकट नळाच्या लोखंडी पाइपला अर्थ बांधण्याचा. एकेकाळी हे सर्रास चालायचं, आता खालच्या मजल्यावरचा कोणीतरी प्लंबर बोलावून मधला पाइप प्लास्टिकचा करतो आणि वरच्या तीन बिऱ्हाडांची अर्थ एका दुपारी गायब होते. मग कोणाच्या तरी गिझरची कॉइल लीक झाली की भलत्याच घरात ‘नळाला करंट येतो’ अशी तक्रार सुरू. गिरगावातल्या एका चाळीत हा प्रकार शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, दोष तिसऱ्या मजल्यावर होता आणि शॉक पहिल्या मजल्यावरच्या मोरीत बसत होता.

अर्थचा खड्डा, त्यात ६० सेमी × ६० सेमीची प्लेट किंवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि कोळसा-मिठाचे थर, ही ओळखीची पद्धत, तिचं मानक आयएस ३०४३. पण अर्थ चांगली असली तरी पुरत नाही, हे हिशोबाने बघावं. फॉल्टच्या वाटेचा रोध १० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३ अँपिअर वाहतील. सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणजे २३ ला तो बराच वेळ विचार करेल आणि ३२ चा असेल तर पडणारच नाही. तोवर बॉडी जिवंत.

आरसीसीबी आणि मिक्स न्यूट्रल

म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो आणि फरक पडला की पडतो. बाजारात त्याला अजून ‘ईएलसीबी’ म्हणतात. काटेकोर बोलायचं तर ते नाव जुन्या, व्होल्टेजवर चालणाऱ्या प्रकाराचं, पण दुकानदाराशी ह्यावर वाद घालू नये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत मागाहून घातलेल्या ६१-अ मध्ये अर्थ लीकेज उपकरण सक्तीचं झालं तरी ५ किलोवॅटच्या खालच्या २५० व्होल्टच्या जोडण्या वगळल्या होत्या, चाळीतली बहुतेक बिऱ्हाडं त्यातच बसायची. ओव्हरलोडपासून आरसीसीबी वाचवत नाही, एमसीबी वेगळा लागतोच.

जुन्या घरात तो बसवला की हमखास एक नाटक होतं. ट्यूब लावली की पडतो, पंखा लावला की पडतो, वायरमन म्हणतो ‘पीस खराब आहे’ आणि बायपास करून जातो. पीस चांगला असतो. पूर्वी न्यूट्रल जवळच्या कुठल्याही बोर्डातून उचलायची सवय होती, म्हणजे पंखा स्वयंपाकघराच्या फेजवर आणि न्यूट्रल मात्र बाहेरच्या खोलीचा, नाहीतर थेट शेजाऱ्याचा. गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येतो, आरसीसीबीला ती गळती वाटते. उपाय कंटाळवाणा आहे, सगळे न्यूट्रल सोडवून सर्किटवार वेगळे करायचे. रिवायरिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच आणि ते भिंतीवर दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक त्याचे पैसे देताना कुरकुरतं.

प्रत्यक्ष काम

मेन बंद करणे हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे जुन्या बोर्डात फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट (चिनीमातीचे, ओढून काढता येणारे) फ्यूज असतात, त्यातला न्यूट्रलचा काढला तरी घर अंधारात जातं पण प्रत्येक होल्डरवर फेज तसाच उभा. कित्येक ठिकाणी स्विचच न्यूट्रलवर असतो, बटण बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर पेटला तर हे लगेच कळतं. उलट टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली असं मात्र धरू नये, आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासावा आणि मग टेस्ट लॅम्पने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही बघावं. काम झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन मोजतात. ५० भागिले पॉइंट तितके मेगओहम हा जुना ठोकताळा, २० पॉइंटना अडीच. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्यायचा असतो.

कोकण आणि गोव्याकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांवर लिहिलेलं फारसं मिळत नाही. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल धरते आणि पडवीतल्या मीटर बोर्डाच्या लाकडालाही हात लावला तर झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात उलट, जांभा कोरडा पडून अर्थचा रोध वाढतो, म्हणून मे महिन्यात अर्थच्या खड्ड्यात चार दिवसांआड बादलीभर पाणी ओततात.